पाइपची बासरी: खालचा प फुटतो, वरचा सा उतरतो, बिघाड नेमका कुठे?

कानस हातात असेल तर आधी खाली ठेवा. बासरी बेसूर वाजते म्हणून बोटांची भोकं मोठी करत सुटलेला एक तरी माणूस मला दर मे महिन्याच्या सुट्टीत भेटतो, आणि दर वेळी बिघाड निघतो तो दुसऱ्याच टोकाला, फुंकेच्या भोकापाशी. मीही याच वाटेने गेलेलो आहे. माझ्या पहिल्या चार बासऱ्या अशाच बाद झाल्या. त्यातल्या दोन सध्या गच्चीवरच्या कुंड्यांत टोमॅटोला आधार देत उभ्या आहेत.

इथे ज्या बासरीबद्दल लिहितोय ती पाण्याच्या पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपची, आडवी धरायची, एक फुंकेचं भोक आणि सहा बोटांची. पट्टी पांढरी पाच (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर सा). म्हणजे वरची तीन भोकं बंद केली की सा, ३९२ हर्ट्‌झ. सगळी सहा बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालचा प, २९४ हर्ट्‌झच्या किंचित खाली. तुमची पट्टी वेगळी असेल तर आकडे बदलतील, तपासायचा क्रम बदलत नाही.

नेटवरची मापं जशीच्या तशी घेतली, तरी जमत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं कारण दुकानात दडलेलं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक आराखड्यांत ‘पाऊण इंची पाइप’ म्हणजे शेड्यूल ४० चा पांढरा पीव्हीसी. त्याचा बाहेरचा व्यास २६.७ मिमी आणि आतला जवळपास २१. आपल्याकडे नळकाम करणारा ज्याला पाऊण इंची सीपीव्हीसी म्हणतो, त्याचा बाहेरचा व्यास २२.२ आणि आतला साधारण १८. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, ते माप या दोन्ही पाइपांत ना आत सापडतं ना बाहेर. नाव एकच, नळी तीन मिलिमीटरने वेगळी! पोकळी बदलली की फुंकेच्या भोकाचा परिणाम बदलतो, बोटाच्या प्रत्येक भोकाचाही बदलतो, आणि ते कोष्टक आपल्या कामाचं राहत नाही. म्हणून मीही इथे सहा भोकांची मापं मुद्दामच देत नाही. दिली तर तुम्ही ती वापराल.

लांबीचा अंदाज मात्र काढता येतो. २७ अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर. त्याला २९३.७ च्या दुपटीने भागलं की ५९ सेंमी येतात. पण फुंकताना ओठ भोकाचा काही भाग झाकतात आणि उघड्या टोकाशीही हवा नळीच्या थोडी बाहेरपर्यंत हलते, त्यामुळे नळी असते त्याहून लांब असल्यासारखी वागते. हे पाचेक सेंटिमीटर वजा केले की फुंकेच्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत ५४ च्या आसपास उरतात. मी ५६ ठेवतो आणि वाजवून पाहत कापत येतो. या लांबीला एक मिलिमीटर कापला की सूर साधारण तीन सेंटने चढतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). फुंकेच्या भोकाच्या मागे बूच बसवायला सहा सेंटिमीटर वेगळे धरा.

अर्धा इंची पाइप बोटांना सोयीचा वाटतो म्हणून कुणी तो घेतो. त्याची पोकळी जेमतेम १२ मिमी. इतक्या बारीक नळीत ५४ सेंमी लांबीचा खालचा सूर टिकत नाही, फुंक जराशी वाढली की वरच्या सप्तकात उडी मारतो. तो पाइप छोट्या, चढ्या पट्टीच्या बासऱ्यांसाठी ठेवा.

खालचा प वाजतच नाही, किंवा वाजता वाजता फुटतो

आमच्या इमारतीतली आठवीतली मुलगी बासरी घेऊन दारात उभी राहिली. “काका, तुमची वाजते, माझीच का नाही वाजत?” मी तिची घेतली, माझी तिला दिली. माझ्या हातात तिचा प वाजला, तिच्या हातात माझाही वाजेना. म्हणजे बासरी ठीक होती, बोटं लहान होती. एवढी अदलाबदल आधी करा. जवळ वाजवणारं दुसरं कुणी नसेल तर चिकटपट्टीची चाचणी आहे.

वायरमनकडची काळी चिकटपट्टी घ्या आणि बोटांची सहाही भोकं घट्ट बंद करा. आता फक्त फुंका. प स्वच्छ वाजला, तर बासरीत दोष नाही. तुमच्या बोटाखालून हवा निसटते आहे. बहुतेक वेळा ती सगळ्यात खालच्या किंवा वरून तिसऱ्या भोकातून निसटते. बोटाचं टोक नव्हे, पेराचा मऊ भाग भोकावर ठेवा. खालून वर एकेक पट्टी काढत तिथे बोट ठेवत जा. ज्या पट्टीनंतर सूर फुटेल, ते बोट चोर.

पट्ट्या लावूनही प येत नसेल तर डोक्याकडचा भाग तपासा, आणि इथेच खरं काम आहे.

आधी बूच. पट्ट्या तशाच ठेवा, खालचं टोक तळहाताने दाबून बंद करा, फुंकेच्या भोकावर ओठ पूर्ण टेकवून हवा आत ओढा. ओढ दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. लगेच सुटली तर बुचाच्या कडेने हवा येते आहे. मी बूच जुन्या स्लीपरच्या रबराचं करतो: पोकळीपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर मोठी चकती कापायची आणि झाडूच्या दांड्याने आत ढकलायची. सैल झाली तर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे. बूच चिकटवून टाकू नका. ते पुढे-मागे सरकवण्याची पाळी येणार आहे.

बुचाचा आतला चेहरा फुंकेच्या भोकाच्या मध्यापासून साधारण पोकळीच्या व्यासाइतका लांब हवा, म्हणजे आपल्या पाइपला १८ मिमी. दांड्यावर १८ वर खूण करून ठेवा आणि खालच्या टोकाने आत घाला. बुचाला टेकल्यावर खूण भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे.

मग फुंकेचं भोक. आपण भोकावरून फुंकतो तेव्हा हवेची धार पलीकडच्या कडेवर आपटून आत-बाहेर अशी झुलते आणि तिथे आवाज जन्मतो. ती कड स्पष्ट आणि धारदार हवी. लोक इथेच जास्त प्रेम दाखवतात: हाताला टोचू नये म्हणून सगळ्या कडा पॉलिश पेपरने गोल करतात. ओठ टेकतात ती अलीकडची बाजू करा हवी तेवढी गोल, पलीकडच्या कडेला हात लावू नका. भोकाच्या आत ड्रिलने सोडलेले प्लास्टिकचे धागे लोंबत असतात, तेवढे मात्र ब्लेडने साफ करा. दोन धाग्यांनी अख्खा सूर खरखरीत होतो, यावर पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता.

भोकाचा आकार लंबगोल, पाइपच्या लांबीच्या दिशेने १२ मिमी आणि आडवा १०. आधी ९ मिमीचं गोल पाडून मग बारीक कानशीने वाढवत न्या. याहून मोठं झालं की खालचा सूर पोकळ, नुसता हवेचा ऐकू येतो.

एक गोष्ट मला कळायला दोन वर्षं लागली. सीपीव्हीसीची भिंत दोनच मिलिमीटर जाड असते. बाजारातल्या धातूच्या पाश्चात्त्य बासरीत ओठाखाली वेगळी पट्टी जोडून भोकाची खोली पाच मिलिमीटरच्या जवळ नेलेली असते, ती शोभेसाठी नाही. भोक उथळ असलं की धारेला कडेपर्यंत नीट वाट मिळत नाही, आवाज पातळ येतो आणि खालचा प दम धरत नाही. उपाय स्वस्त आहे. एक इंची सीपीव्हीसीचा चार सेंमीचा तुकडा घ्या, उभा चिरून त्याची पाव गोलाई कापा, आपल्या पाइपवर ती खोगिरासारखी बसते. सीपीव्हीसीच्याच सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा, रात्रभर उघड्या हवेत राहू द्या, मग दोन्ही थरांतून एकदम भोक पाडा. त्या तुकड्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एकूण खोली साडेचार. फरक शेजारच्या खोलीतही कळतो.

आधी फुंकेचं भोक, नंतर बोटांची

हे वेगळं लिहितोय, कारण एवढी एक चूक झाली की बाकीची मेहनत वाया जाते. फुंकेचं भोक मोठं केलं की सगळेच सूर चढतात. बोटांची भोकं सुरात लावून झाल्यावर ‘आवाज जरा मोकळा करू’ म्हणून कुणी फुंकेच्या भोकाला कानस लावली की सगळी बासरी वर सरकते, तीही सारख्या प्रमाणात नाही. म्हणून डोकं पूर्ण करायचं, नुसत्या नळीवर खालचा प आणि त्याचं वरचं सप्तक वाजवून खात्री करायची, मग खालचं टोक कापून प लावायचा. बोटांसाठी ड्रिल उचलायचं ते त्यानंतर.

खालचा सा बरोबर, वरचा सा उतरलेला

इथपर्यंत आलेल्यांची ही पुढची तक्रार. मध्य सा काट्यावर, तार सा वीस-पंचवीस सेंट खाली. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. सरळ नळीचा हा स्वभावच आहे. म्युनिकच्या थेओबाल्ड बोएमने १८४७ मध्ये पाश्चात्त्य बासरीचं अंग सरळ नळीचं केलं, तेव्हा डोक्याचा भाग बुचाकडे हळूहळू निमुळता ठेवला, तो सप्तकं जुळावीत म्हणून. आपल्या पाइपला तो निमुळतेपणा नाही, मग बुचाशी खेळावं लागतं.

बूच आणि फुंकेचं भोक यांच्या मधली हवेची छोटी खोली वरच्या सुरांना जास्त खाली खेचते. बूच भोकाकडे सरकवलं की ही खोली लहान होते, सगळेच सूर थोडे चढतात, पण वरचे जास्त चढतात. एकेक मिलिमीटर सरकवा, दर वेळी मध्य सा–तार सा आणि मंद्र प–मध्य प या दोन्ही जोड्या तपासा. एक जोडी जुळली म्हणून थांबलात तर दुसरी दगा देते. १८ वरून १४ पर्यंत आलात आणि तरी जुळत नाही, तर बुचाला सोडा. दोष मग बोटांच्या भोकांत असण्याची शक्यता जास्त: भोकं बारीक असली की वरच्या सप्तकात हवा उघड्या भोकाच्या पुढेही बरीच हलत राहते आणि सूर उतरतो. भोकं थोडी खालच्या टोकाकडे आणि मोठी हवी होती. त्या नळीवर तडजोड करा, पुढच्या नळीवर लक्षात ठेवा.

उलटही होतं, वरचा सूर चढा. हे क्वचित, आणि बहुतेक वेळा वाजवणारा वरच्या सप्तकासाठी ओठ आवळायच्या ऐवजी नुसती ताकद लावत असतो. नवशिक्याची बासरी तपासताना मी आधी स्वतः वाजवून पाहतो ते याचसाठी.

ट्यूनर ॲप लाल दाखवतं

फोनवरचं ॲप पियानोच्या समान अर्धस्वरांवर चालतं. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध ग त्या मापाने १४ सेंट उतरलेला दिसतो, शुद्ध ध १६ आणि शुद्ध नी १२. ॲप हिरवं होईपर्यंत ग चढवलात तर तानपुरा लावल्यावर तोच ग टोचेल. सा आणि प ॲपवर लावा (प दोन सेंट वर दिसला तर तो बरोबरच आहे), बाकीचे तानपुऱ्यावर. कुठलंही तानपुऱ्याचं ॲप चालेल, फक्त पट्टी पांढरी पाचवर ठेवा. भजनात पेटीबरोबरच वाजवणार असाल तर हे सगळं विसरा आणि ॲपचंच ऐका.

तापमानाचं प्रकरणही यातच येतं. हवा एक अंशाने तापली की सूर साधारण तीन सेंट चढतो; म्हणजे नळी एक मिलिमीटर कापण्याएवढा. नाशिकमध्ये डिसेंबरात सकाळी बारा अंश, मेमध्ये दुपारी अडतीस. फुंकेच्या उबेने यातला बराच फरक भरून निघतो, पूर्ण नाही. थंड बासरीवर सूर लावून भोकं मोठी केलीत तर दहा मिनिटांनी सगळी चढी निघते. आधी दोन-तीन मिनिटं नुसती वाजवा, मग ॲप उघडा, मग कानस. मी शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, पंख्याखाली न बसता हे काम करतो.

बोटांची भोकं: आता कानस उचला

इथवर सगळं जुळलं असेल तर हे काम सोपं आहे, फक्त घाई नको. खालून वर जायचं: सगळ्यात खालच्या भोकाने ध, त्याच्या वरच्याने नी, मग सा, रे, ग, आणि सगळी उघडी ठेवली की तीव्र म. शुद्ध म सगळ्यात वरचं भोक अर्धं झाकून मिळतो, त्याच्यासाठी वेगळं भोक शोधू नका. हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला आहे. प्रत्येक भोक आधी ६ मिमीचं पाडा. सूर उतरलेला मिळेल, तसाच हवा. मग फुंकेच्या बाजूची कड घासलीत तर सूर भरभर चढतो, खालची कड घासलीत तर हळू. वरचं भोक पाडल्यावर खालच्याचा सूर केसभर हलतो, म्हणून कुठलंही भोक पहिल्या फेरीत पूर्ण करू नका. पाच सेंट खाली ठेवा आणि सहाही झाल्यावर दुसरी फेरी मारा.

गोल पाइपवर मोठा बिट घसरतो आणि धरला की प्लास्टिक चिरतो. तीन मिमीने सुरुवात, आत झाडूचा दांडा, मग पायऱ्यांचा स्टेप बिट. बांबूची बासरी करणारे तापवलेल्या सळईने भोकं पाडतात, ते पाहून पाइपवर सळई टेकवायचा मोह होतो. टेकवू नका. हे प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि घशाला जाळतो. घासतानाही पॉलिश पेपर ओला ठेवा, म्हणजे भुकटी उडत नाही.

पाइप कुठला, तर पिण्याच्या पाण्याचा. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ असा शिक्का असतो. जुन्या पीव्हीसी पाइपात शिशाची संयुगं सर्रास घालत असत. त्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. ओठ लावायची वस्तू आहे, तेव्हा भंगारातला पाइप किंवा वायरिंगचा कंड्यूट नको. नवं काम चाललेल्या ठिकाणी नळवाल्याकडे साठ-सत्तर सेंमीचे उरलेले तुकडे असतात, विचारलं की तो हसत देतो.

भोक चुकून मोठं झालं, सूर चढा गेला? नळी फेकू नका. आधी काळ्या चिकटपट्टीने भोकाची वरची, फुंकेकडची कड थोडी झाका आणि किती झाकल्यावर सूर जुळतो ते पाहा. तेवढाच भाग एम-सीलने भरा, वाळल्यावर आतून-बाहेरून घासून सपाट करा. हे फक्त बोटांच्या भोकांना. फुंकेच्या भोकाची पलीकडची कड बिघडली असेल तर डोक्याकडचा तेवढा तुकडा कापून नवा करणं बरं. कपलरने जोडता येतो.

आणि त्या आठवीतल्या मुलीचं काय झालं? तिच्या उजव्या हाताची अनामिका सगळ्यात खालच्या भोकापर्यंत पोचत नव्हती. भोक वर सरकवलं असतं तर ध चढला असता. पण तेच भोक टोकापासून त्याच अंतरावर ठेवून पाइपच्या गोलाईवर बाजूला, बोटाकडे वळवलं, तर सुराला काही होत नाही. हवेला ते समोर आहे की कडेला, याने फरक पडत नाही. जुनं भोक एम-सीलने बुजवलं आणि नवं आठ मिलिमीटर तिच्या बाजूला पाडलं. प त्याच संध्याकाळी वाजला. बुजवलेल्या जागी तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे.